जिवाणूंची डासअळीनाशक पावडर टाकूनही डास कमी का झाले नाहीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत कृष्णेकाठच्या सखल भागातील गुंठेवारी वसाहतीत आपण राहता. शेजारच्या तीन गुंठ्यांच्या मोकळ्या प्लॉटमध्ये पावसाचे पाणी साचून आहे, मागून उघडे गटार जाते आणि गल्लीत डेंग्यूचे रुग्ण निघाले आहेत. म्हणून वर्गणी काढून ‘बीटीआय’ ही जिवाणूंची पावडर आणली, ती प्लॉटमध्ये व गटारात टाकली, आणि चार दिवस होऊनही डास तेवढेच आहेत. पावडर बनावट आहे का, डोस दुप्पट करावा का, आणि हीच पावडर पिण्याच्या टाकीत टाकली तर चालेल का, असे आपण विचारले आहे.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मी नोकरीभर हिवताप विभागात कीटकशास्त्राचे काम केले. त्या अनुभवावरून सांगतो की पावडर बनावट असण्याची शक्यता तपासता येते आणि ती तपासावी, परंतु आपली खरी अडचण बहुधा वेगळी आहे. ज्या डासामुळे डेंग्यू होतो तो डास ज्या पाण्यात जन्मतो, त्या पाण्याला आपली पावडर अजून लागलेलीच नाही. शिवाय चार दिवस हा काळ या औषधाचा निकाल उडत्या डासांवरून लावण्यासाठी पुरेसा नाही. डोस दुप्पट केल्याने या दोन्ही गोष्टी बदलणार नाहीत.

हे नीट समजण्यासाठी ही पावडर काम कशी करते ते पाहावे लागेल, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच अवलंबून आहेत. बीटीआय म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस. हा जिवाणू १९७६ मध्ये इस्राएलच्या नेगेव्ह वाळवंटातील एका डबक्यात सापडला. बीजाणू तयार करताना तो आपल्या पेशीत प्रथिनांचा एक सूक्ष्म स्फटिक बनवतो, आणि त्या स्फटिकातच डासअळीला मारणारी द्रव्ये असतात. ती पाण्यात विरघळून अळीच्या अंगाला लागून तिला मारत नाहीत. अळी पाण्यातील बारीक कण सतत गाळून खाते, आणि त्या खाण्याबरोबर स्फटिक पोटात गेला तरच पुढची क्रिया घडते. अळीच्या आतड्यातील रस तीव्र अल्कधर्मी असतो, त्याचा सामू १० च्या आसपास असतो. त्या रसात स्फटिक विरघळतो, तिथली विकरे त्याचे विषात रूपांतर करतात, ते विष आतड्याच्या अस्तराला चिकटून त्यात छिद्रे पाडते आणि अळी मरते. माणसाचे जठर आम्लधर्मी आहे आणि हे विष ज्याला चिकटते अशी जागाही आपल्या आतड्यात नाही. म्हणूनच हे औषध अळीला मारक असूनही माणसांना, गुरांना, माशांना आणि मधमाश्यांना ते बाधत नाही.

अळीने ते खाल्ले पाहिजे, या एकाच अटीतून कितीतरी व्यवहारातल्या गोष्टी निघतात. डासाची अळी चार अवस्थांतून जाते. चौथ्या अवस्थेच्या अखेरीस ती खाणे थांबवते आणि नंतर कोषात जाते. स्वल्पविरामासारखा वाकलेला, डिवचला की कोलांट्या घेत खाली जाणारा हा कोष, ज्याला आमच्या विभागात सर्रास प्युपा म्हणतात, काहीही खात नाही, म्हणून या पावडरीने तो मरत नाही. आपण पावडर टाकली त्या दिवशी प्लॉटमध्ये जेवढे कोष होते त्या सर्वांतून पुढील दोन-तीन दिवसांत डास बाहेर पडले असणार. जे आधीच उडत होते त्यांना तर पाण्यातले औषध लागूच शकत नाही, आणि डासाची मादी दोन ते चार आठवडे सहज जगते. म्हणून टाकलेल्या औषधाचा परिणाम चोवीस तासांनी पाण्यात पाहायचा असतो, आणि डास कमी झाले की नाही हे दोन-तीन आठवड्यांनी ठरवायचे असते.

आता पावडर खरी की खोटी याविषयी. आधी पाकीट उलटून नाव पूर्ण वाचा. नावात शेवटी ‘इस्राएलेन्सिस’ असले पाहिजे. तासगाव, मिरज किंवा फलटण, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ‘बीटी’ म्हणून मागितले तर पुष्कळदा दुसऱ्याच उपजातीची, ‘कुर्स्टाकी’ची, पावडर हातात पडते. ती पिकांवरील पतंगवर्गीय अळ्यांसाठी असते आणि डासांसाठी तिचा उपयोग करायचा नसतो. दुकानदार फसवतो असे नाही, त्याच्याकडे येणारे बहुतेक गिऱ्हाईक ती पावडर पिकांसाठीच मागत असते. जाता जाता एक सूचना करतो : आपल्याकडे काही गावांत रेशीम उद्योग आहे, आणि कुर्स्टाकी रेशीमकिड्यांनाही मारते, त्यामुळे तिची फवारणी तुतीच्या आसपास अजिबात होऊ देऊ नये. नावानंतर उत्पादनाची तारीख व मुदत पाहा, आणि पाकीट उन्हाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये पडून होते का, हेही विचारा. उष्णता आणि ओल या दोन्हींनी पावडरीचा जोर कमी होतो.

त्यानंतर घरीच एक चाचणी करा. मी गावोगाव हीच चाचणी लोकांसमोर करून दाखवत असे, कारण डोळ्यांनी पाहिले की शंका राहत नाही. साधारण एक फूट तोंडाचे दोन पांढरे टब घ्या. प्लॉटमधलेच पाणी दोन्हींत घ्या आणि पांढऱ्या ओगराळ्याने किंवा वाटीने उचलून दोन्हींत साधारण सारख्याच संख्येने लहान व मध्यम अळ्या सोडा. कोष आणि अगदी मोठ्या झालेल्या अळ्या घेऊ नका. पाकिटावर फवारणीसाठी जे प्रमाण दिले आहे त्याप्रमाणे थोडे द्रावण कालवा आणि त्यातले दीड मिलिलिटर सिरिंजने एका टबात सोडून ढवळा. दुसरा टब तसाच ठेवा. दोन्हींवर कापड बांधून सावलीत ठेवा. औषध चांगले असेल तर काही तासांतच अळ्या मंदावतात, वर श्वास घ्यायला येण्याची त्यांची लगबग थांबते, आणि दुसऱ्या दिवशी त्या काळपट पडून तळाशी गेलेल्या दिसतात, तर दुसऱ्या टबातील अळ्या वळवळत असतात. असे दिसले तर पावडरीला दोष देऊ नका. दोन्ही टबांतल्या अळ्या जिवंत असतील तर मात्र ती पावडर परत करा.

प्रमाणाचे गणित हेक्टरावरून आपल्या गुंठ्यांवर आणताना फार चुका होतात, म्हणून ते मांडून दाखवतो. पाण्यात मिसळणाऱ्या ५ टक्के पावडरीसाठी आपल्याकडे रूढ असलेले प्रमाण स्वच्छ पाण्याला हेक्टरी ५ किलो आणि घाण पाण्याला हेक्टरी ७.५ किलो असे आहे, आणि ते २०० लिटर पाण्यात कालवून दर पंधरवड्याला फवारायचे असते. म्हणजे स्वच्छ पाण्यासाठी दर चौरस मीटरला अर्धा ग्रॅम पावडर आणि २० मिलिलिटर द्रावण. एक गुंठा म्हणजे जवळपास १०१ चौरस मीटर. आपला तीन गुंठ्यांचा प्लॉट पूर्ण पाण्याखाली असेल तर सुमारे १५० ग्रॅम पावडर ६ लिटर पाण्यात, आणि त्यात सांडपाणी मिसळत असेल तर सुमारे २२५ ग्रॅम. कंपनीनुसार पावडरीचा जोर वेगळा असतो, द्रवरूप औषधाचे प्रमाण तर पूर्णपणे निराळे असते, म्हणून पाकिटावरचा आकडा यापेक्षा वेगळा असेल तर पाकिटाचाच आकडा धरावा. पावडर आधी थोड्या पाण्यात खिरीसारखी कालवून मग पंपात ओतावी आणि फवारताना पंप अधूनमधून हलवावा, नाहीतर ती तळाशी बसते आणि शेवटच्या टोकाला नुसते पाणी फवारले जाते. द्रावण त्याच दिवशी संपवावे. नाकातोंडाला मास्क लावावा, कारण कुठलीही बारीक पावडर छातीत जाणे चांगले नाही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो : तणनाशकाचा किंवा द्राक्षबागेतील कीटकनाशकाचा पंप यासाठी कधीही वापरू नका. पंपात राहिलेल्या अंशाने मासे मेले तर ठपका या निरुपद्रवी औषधावर येतो, आणि पुन्हा त्या गावात ते कोणी वापरू देत नाही.

मूठभर कोरडी पावडर काठावरून फेकली तर काय होते? ती काठाजवळच्या पाण्यात बसते. वाऱ्याने अळ्या समोरच्या काठाला, गवताच्या बुंध्याशी, तरंगत्या कचऱ्याखाली गेलेल्या असतात आणि तिथे खायला दुसरे पुष्कळ असते. आपण नेमके हेच केले असेल असा माझा अंदाज आहे. कडक ऊन, गढूळपणा, कुजलेला पाला, दाट शेवाळ या सगळ्यांनी औषधाचा परिणाम घटतो, म्हणून संध्याकाळी फवारणे आणि आधी काठावरचे गवत काढून घेणे याने फरक पडतो.

परंतु प्लॉट आणि गटार यांच्याकडे आपले सगळे लक्ष गेले आहे, आणि माझ्या दृष्टीने इथेच खरी गफलत आहे. गटारात आणि सांडपाण्याच्या डबक्यात वाढतो तो प्रामुख्याने क्युलेक्स डास. रात्री कानाशी गुणगुणणारा आणि झोप मोडणारा हाच. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती, ज्याच्या काळ्या अंगावर आणि पायांवर पांढरे पट्टे असतात, तो दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळण्याआधी अधिक. त्याला घरातले व घराभोवतीचे साठवलेले, तुलनेने स्वच्छ पाणी लागते. तो फार दूर उडतही नाही, जन्मला त्या जागेपासून काहीशे मीटरच्या आतच त्याचा वावर असतो. तेव्हा गल्लीत डेंग्यूचे रुग्ण आहेत याचा अर्थ त्या डासांचे पाणी त्याच गल्लीतल्या घरांत आहे असा धरून चालावे. प्लॉटमधील डबक्यावर औषध मारण्याने रात्रीचा त्रास कमी होईल, आणि ते करायलाच हवे, पण त्याने डेंग्यू थांबेल अशी अपेक्षा ठेवू नये.

मग घरात काय पाहायचे? फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलरची टाकी, मनी प्लांटची बाटली, पंक्चरच्या दुकानाबाहेरचे टायर, गच्चीवरचे भंगार, झाकण फुटलेली सिंटेक्सची टाकी, बांधकामावरील पाण्याचा हौद, जनावरांची डोण. मळ्यात राहणाऱ्यांकडे द्राक्षाची औषधे कालवायची २०० लिटरची बॅरल बांधावर उघडी असतात आणि पावसाने भरतात. ती पुष्कळदा कोणाच्याच नजरेत येत नाहीत. यांपैकी जे ओतून देता येते त्याला औषधाची गरज नाही, ते ओतून द्यावे. मात्र नुसते ओतून भागत नाही. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या थोडे वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला अंडी चिकटवते, आणि ती अंडी कोरड्यात कित्येक महिने टिकून पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणून आठवड्याच्या कोरड्या दिवशी भांडे आतून काथ्याने किंवा तारेच्या घासणीने घासायचे असते. आपल्याकडच्या पावसाळी उबेत अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून दर सात दिवसांनी हे करायचे, आठवण होईल तेव्हा नाही.

पिण्याच्या पाण्याविषयीचे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते सरसकट हो किंवा नाही असे देता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या साठवणीच्या पाण्यातील बीटीआयचा विचार केला आहे आणि पाण्यात विरघळणाऱ्या दाणेदार स्वरूपातील ठरावीक उत्पादनासाठी लिटरला १ ते ५ मिलिग्रॅम असे प्रमाण सांगितले आहे. जिवाणू सुरक्षित असला तरी तो ज्या माध्यमात वाढवला जातो आणि ज्या भुकटीत मिसळला जातो, तेही पिण्यायोग्य शुद्धतेचे असावे लागते, आणि ही खात्री डबक्यासाठी विकल्या जाणाऱ्या पावडरीबाबत नसते. म्हणून पाकिटावर पिण्याच्या पाण्यासाठी वापरास मान्यता असल्याचे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ती पावडर प्यायच्या टाकीत टाकू नका. सांगली शहरात नळाला नियमित पाणी येत असेल तर आपल्याला त्याची गरजही नाही. टाकीचे झाकण घट्ट बसवा, ओव्हरफ्लोच्या नळीला जाळी बांधा आणि आठवड्याला टाकी रिकामी करून घासा.

जत, आटपाडी, माण, खटाव या भागातील स्थिती मात्र वेगळी आहे. तिथे टंचाईच्या दिवसांत पाणी कित्येक दिवसांनी येते, टॅंकरचे पाणी बॅरलमध्ये जपून ठेवलेले असते, आणि अशा घरी जाऊन ‘बॅरल ओतून द्या’ असे सांगणे मला कधीच पटले नाही. ज्या बाईने ते पाणी डोक्यावरून आणले आहे तिला ते सांगण्याचा आपल्याला अधिकार नाही. तिथे दुपदरी सुती कापड बॅरलच्या तोंडाला घट्ट बांधणे हा पहिला उपाय, आणि वापरायच्या पाण्याच्या मोठ्या हौदात डासअळ्या खाणारे गप्पी मासे सोडणे हा दुसरा. नळयोजनेच्या किंवा विहिरीच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकलेले असले की अळ्या होणार नाहीत, असा एक समज गावोगाव आढळतो. पिण्याचे पाणी निर्जंतुक करायला जेवढे टीसीएल लागते तेवढ्याने अळ्या मरतील याचा भरवसा नाही.

माशांचा विषय निघाला म्हणून सांगतो, की बीटीआय आणि गप्पी मासे एकाच पाण्यात एकत्र चालतात. एक दुसऱ्याला मारत नाही. परंतु गप्पी मासे ओढ्यात, नदीत किंवा नैसर्गिक तळ्यात सोडू नयेत, कारण ते तिथल्या देशी लहान माशांची जागा घेतात. शेततळ्यांबाबत आमच्याकडे नेहमी विचारणा होते. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या, खोल आणि वाऱ्याने लाटा उठणाऱ्या शेततळ्यात मधल्या पाण्यात अळ्या सहसा मिळत नाहीत. कडेला शेवाळ किंवा गवत धरले असेल तर तेवढ्याच पट्ट्यात मिळतात. आधी ओगराळ्याने ठिकठिकाणी पाणी उचलून पाहावे आणि अळ्या असतील तिथेच औषध वापरावे. बीटीआय बऱ्याच जलचरांना सुरक्षित असले तरी जास्त मात्रेत डासांच्या जवळच्या काही निरुपद्रवी माश्यांच्या अळ्याही मरतात, आणि या अळ्या मासे व पाखरे यांचे खाद्य आहेत. डोस दुप्पट करू नका असे मी म्हणतो त्यामागे पैसे वाया जाण्याबरोबर हेही एक कारण आहे.

गटाराबाबत बीटीआयपेक्षा लायसिनिबॅसिलस स्फेरिकस हा दुसरा जिवाणू अधिक काळ टिकतो. घाण पाण्यात तो चांगले काम करतो आणि मेलेल्या अळ्यांत पुन्हा वाढूही शकतो. पण एडिसवर त्याचा परिणाम नगण्य असतो, आणि क्युलेक्समध्ये त्याच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार झालेली आहे. केरळात कोची येथे १९९० च्या दशकातच ते दिसून आले. त्याचे विष दोन भागांचे असले तरी ते आतड्यात एकाच प्रकारच्या जागेला चिकटते, आणि ती जागा बदलली की अळी वाचते. बीटीआयच्या स्फटिकात चार मुख्य विषे एकत्र असल्याने त्याच्याविरुद्ध असे घडणे फार अवघड जाते. म्हणून स्फेरिकस वापरायचे तर मधल्या फेऱ्यांत बीटीआय आणावे, सलग एकच वापरू नये. वाहत्या गटारात मात्र दोन्ही वाहून जातात. तिथे फावड्याने गाळ काढून पाणी वाहते करणे हेच काम आहे. आणि शौचालयाच्या टाकीच्या गॅस पाइपला जाळी बांधायला विसरू नका. आठ-दहा घरांच्या पाइपांना जाळी बसली तर गल्लीतील रात्रीच्या डासांत फरक पडतो, हे मी अनेक वसाहतींत पाहिले आहे.

आपला भाग नदीकाठचा आहे म्हणून पुराबद्दलही लिहितो. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी चढत होते तेव्हा डासांची अडचण नव्हती, कारण जोराच्या पाण्यात अळ्या वाहून जातात. पाणी ओसरल्यावर तळघरांत, खड्ड्यांत, वाहून आलेल्या भंगारात जे पाणी अडकून राहते त्यातून पुढच्या आठवड्या-दीड आठवड्यात डास निघतात. बीटीआय वापरायला याहून चांगली वेळ नाही, कारण सगळ्या अळ्या एकाच वयाच्या, खाणाऱ्या असतात आणि कोष अजून झालेले नसतात. जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या पूरमैदानात १९८० च्या दशकापासून हेच केले जाते. पूर ओसरताच पथके अळ्या मोजतात आणि कोष होण्याआधी औषध टाकतात. आपल्याकडे मात्र पुरानंतर पहिली मागणी धुराची होते. धुराने त्या वेळी उडत असलेले डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. रुग्ण असलेल्या घराभोवती धुराला स्थान आहे, कारण विषाणू अंगात असलेली मादी तिथे उडत असते, पण त्याच दिवशी त्या घरातील पाण्याची भांडी तपासली गेली नाहीत तर आठवड्यात पुन्हा तेच होते.

तेव्हा या आठवड्यात कामाचा क्रम असा ठेवा. आधी दोन टबांची चाचणी करा. रविवारी गल्लीतील प्रत्येक घरात दोघे-दोघे जाऊन टॉर्चने भांडी पाहा, आणि घरमालकाला अळी वाटीत काढून दाखवा. पत्रक वाटण्यापेक्षा याचा परिणाम अधिक होतो. प्लॉटवर गवत काढून वरच्या प्रमाणाने पंपाने फवारा आणि चोवीस तासांनी पाच-सहा ठिकाणी ओगराळे बुडवून पाहा. पंधरवडा हे वेळापत्रक कागदावर ठीक आहे, पण मोठा पाऊस झाला किंवा सांडपाणी येऊन पडले तर मुदत आधीच संपते. म्हणून दर आठवड्याला पाहणी करा, लहान अळ्या दिसल्या की फवारा. पाहणीत कोष दिसू लागले तर आपण उशीर केला असे समजून पुढची पाहणी दोन दिवस आधी घ्या. प्लॉटचा मालक सापडत असेल तर भराव टाकण्यासाठी महापालिकेकडे लेखी अर्ज वसाहतीच्या सह्यांनिशी द्या, आणि डेंग्यूच्या रुग्णांची माहिती जवळच्या आरोग्य केंद्राला आजच कळवा, म्हणजे तिथले कर्मचारी त्या घरांच्या भोवतीचे कंटेनर सर्वेक्षण करतील. पावडरीच्या पाकिटावरचे पूर्ण नाव, टक्केवारी आणि प्लॉटमधील पाण्याची अंदाजे खोली मला कळवलीत तर प्रमाण पुन्हा एकदा तपासून देईन.